इन्सुलिन भरपूर, तरी साखर चढलेली

प्रश्न : वय ४२, यंत्रमाग कारखान्यात हिशेबाचं बैठं काम. उपाशीपोटी साखर ११२, इन्सुलिन २२ आलं. मानेची कातडी काळवंडली आहे. इन्सुलिन कमी पडलं की मधुमेह होतो ना? मग माझं जास्त कसं? घरात तर ज्वारीचीच भाकरी असते.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : टाइप-२ मधुमेहाच्या वाटेवर सुरुवातीला इन्सुलिन भरपूरच असतं, पेशी त्याला दाद देत नाहीत. इन्सुलिन पेशीवरच्या रिसेप्टरच्या (संदेश टिपणाऱ्या प्रथिनाच्या) बाहेरच्या भागाला चिकटलं, की आतला भाग आयआरएस या निरोप्या प्रथिनातल्या टायरोसिन या घटकावर फॉस्फेटची रासायनिक खूण जोडतो. पुढे पीआय-३ कायनेज, मग एकेटी ही एंझाइमं संदेश पुढे नेतात, आणि शेवटी स्नायूपेशीच्या पोटातले ग्लुट-४ वाहक पृष्ठभागावर येऊन ग्लुकोज आत ओढतात.

जन्मतःच रिसेप्टर सदोष असणं फार दुर्मीळ. तुमच्यासारख्यांचं घोडं बहुधा पुढच्या पायरीवर, आयआरएसपाशी अडतं. स्नायूंत आणि यकृतात चरबी साचली, की काही एंझाइमं आयआरएसवर भलत्याच जागी, सेरीन या दुसऱ्या घटकावर, फॉस्फेट चिकटवतात आणि संदेश तिथेच थांबतो. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. हे जादा इन्सुलिन त्वचेतल्या वाढीच्या रिसेप्टरांनाही चेतवतं. मान काळी पडते ती त्यामुळे. घासून जाणार नाही, उगाच सोलवटेल.

तुमचा होमा-आयआर (साखर आणि इन्सुलिनवरून काढलेला प्रतिरोधाचा अंदाज) : ११२ × २२ ÷ ४०५, म्हणजे सुमारे ६. साधारण २.५च्या पुढे इन्सुलिनला प्रतिरोध आहे असं धरतात. मात्र इन्सुलिनचे आकडे लॅबगणिक बदलतात, म्हणून निदान त्यावर करत नाहीत. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) करून घ्या, ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था. उपाशीपोटी ११२ हा आकडाही त्याच टप्प्यातला.

स्नायू आकुंचन पावले की ग्लुट-४ इन्सुलिनशिवायही वर येतो. सदोष वाट टाळणारा हा आडमार्ग फुकट आहे! दोन्ही जेवणांनंतर १५ मिनिटं चाला, आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा किंवा वजनं उचलण्याचा व्यायाम करा. वजन जास्त असेल तर ५ ते ७ टक्के उतरवलं तरी यकृतातली चरबी घटते.

ज्वारी चांगलीच, पण तिच्यातही पिष्ट आहे. कडक भाकरी पातळ म्हणून चुरता चुरता चार संपतात, वर शेंगाचटणी आणि तेल. भाकऱ्या मोजून घ्या, ताटात डाळ-उसळ वाढवा. मेटफॉर्मिन हे औषध मुख्यतः यकृतातून सुटणारी साखर रोखतं. ते लागेल का आणि चालेल का, हे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) पाहून डॉक्टर ठरवतील.