अंकावर मत देण्यापूर्वी

सुपरहीरो कॉमिक्स नव्याने वाचू लागलेल्यांना माझे पहिले सांगणे असे, की मागचे साठ-सत्तर वर्षांचे अंक आधी वाचून काढायलाच हवेत, ही भीती मनातून काढून टाका; काही मालिका ओळखीच्या नायकाची गोष्ट अगदी नव्याने सुरू करतात. जानेवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’मधल्या पीटर पार्करला शक्ती मिळते, तेव्हा तो दोन मुलांचा बाप असलेला संसारी माणूस असतो, ऑक्टोबर 2024 पासूनच्या ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’मधल्या ब्रूस वेनकडे ना वाडा आहे, ना वडिलोपार्जित संपत्ती. मला पहिली मालिका अधिक भावते, कारण तिच्यात घरातली संथ संभाषणेही मारामारीइतकीच पकड घेतात.

मत मात्र एका अंकावरून बनवू नका. अंकात कथेची साधारण वीस-बावीस पानेच असतात आणि एक कथानक बहुधा पाच-सहा अंकांत पसरलेले असते, म्हणून तिसरा अंक वाचल्याशिवाय मी कोणतीही मालिका सोडत नाही. दुसऱ्या वाचनात संवादांकडे दुर्लक्ष करून केवळ चौकटी पाहा. ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’चे चित्रकार निक ड्रॅगोटा यांनी रेखाटलेला बॅटमॅनचा अवाढव्य, रुंद देह चौकटीत मावत नाहीसा का वाटतो, हे तेव्हा उमगते. चित्रकार मध्येच बदलला असेल, तर तेही आवर्जून नोंदवा, कारण सूर बिघडल्याचे खापर अनेकदा विनाकारण लेखकावर फुटते.