चोरी, अपहार, ठकवणूक : मोंढ्यावरचं सोयाबीन आणि षष्ठीचा प्रत्यय

परभणीहून आलेली विचारणा अशी : मोंढ्यावरच्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, आडत्याला ३२ कट्टे सोयाबीन घातलं, ‘आठ दिवसांत पैसे’ असं ठरलं आणि आता दुकानाला कुलूप आहे. ठाण्यात ‘चोरी झाली’ म्हटल्यावर ‘ही चोरी नव्हे’ असं सांगितलं. वकील ‘ठकवणूक’ म्हणतात. अशाच एका बातमीत ‘अपहार’ छापून आलं होतं. हे सगळे शब्द एकच, की यातला एकच बरोबर?

एकच नाहीत. आणि गंमत म्हणजे कायद्याचं पुस्तक न उघडताही आपली मराठी त्यांतला फरक बऱ्यापैकी सांगते. षष्ठी लावून बघा. चोरी कशाची? सोयाबीनची. फसवणूक कोणाची? माणसाची. ‘सोयाबीनची फसवणूक झाली’ असं कोणीच म्हणत नाही. माल चोरीला जातो, माणूस फसतो. चोरीत धन्याला पत्ता नसताना माल हलतो. फसवणुकीत धनी स्वतःच माल उचलून देतो, फक्त खोटं ऐकून देतो. म्हणून पहिला प्रश्न हाच, की माल कुणाच्या हाताने गेला? तुमच्या बाबतीत कट्टे तुम्हीच काट्यावर टाकले. ठाण्यातलं उत्तर शब्दापुरतं बरोबर होतं. मात्र ‘चोरी नव्हे’ म्हणजे ‘गुन्हाच नव्हे’ असं होत नाही.

चोरीची व्याख्या आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये आहे : जंगम वस्तू, दुसऱ्याच्या ताब्यातून, त्याच्या संमतीविना, अप्रामाणिक हेतूने हलवणं. यातला ‘ताबा’ हा शब्द नीट धरा, तिथे ‘मालकी’ म्हटलेलं नाही. दुरुस्तीचे पैसे थकले म्हणून गॅरेजवाल्याने अडवून ठेवलेली स्वतःचीच मोटारसायकल रात्री गुपचूप काढून आणली, तर तीही चोरी ठरू शकते. ‘हलवणं’ही तितकंच नेमकं आहे. खळ्यावरचा कट्टा उचलून नुसता बांधापर्यंत नेला, तरी चोरी पुरी झाली. उभं पीक जमिनीला धरून असतं, म्हणून ते जंगम नाही. पण चोरट्याचा विळा लागून पिकाचं ताट खाली पडलं, की त्याच क्षणी चोरी होते. बळजबरी आली की ‘जबरी चोरी’, आणि तीच पाच किंवा जास्त जणांनी मिळून केली की ‘दरोडा’. चौघांनी लुटलं तरी लोक सर्रास ‘दरोडा पडला’ म्हणतात, ते कायद्याला धरून नाही.

आता अपहार. मूळ संस्कृतात अप + हृ म्हणजे सरळ हरण करणं, पळवणं. मराठीत हा अर्थ सरकला. माणूस पळवला की ‘अपहरण’, आणि हातात आधीच आलेली दुसऱ्याची रक्कम गिळली की ‘अपहार’. म्हणून पतसंस्थेचा सचिव अपहार करतो, रात्रीचा चोरटा करत नाही. वस्तू किंवा रक्कम विश्वासाने सोपवलेली असेल, तर त्याला जुन्या भारतीय दंड संहितेच्या मराठी पाठात ‘फौजदारीपात्र न्यासभंग’ असा शब्द आहे. मराठवाड्यात यासाठी जुना शब्द ‘खयानत’. निजामाच्या राजवटीत कोर्टकचेरी उर्दूत चाले, ‘अमानत में खयानत’ हा तिथला प्रयोग. त्यातल्या ‘अमानत’ची अक्षरं उलटून आपली ‘अनामत’ झाली. ‘अफरातफर’ही त्याच वाटेने आली : मूळ ‘इफरात-तफरीत’, म्हणजे जादा आणि कमी, हिशोबात कमीजास्त करणं असा अर्थ तिला किती सहज चिकटला!

ठकवणूक आणि फसवणूक मात्र कायद्याच्या कामात एकच. अधिकृत मराठी पाठाचा शब्द ‘ठकवणूक’, ठाण्यातला आणि पेपरातला ‘फसवणूक’. जुनं कलम ४२० होतं. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना त्याऐवजी ३१८(४) लागतं आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. ‘चारशेवीस’ हे विशेषण बोलण्यात राहील, फिर्यादीत नको. दुसराच कोणी असल्याचं भासवून ठकवलं तर कलम ३१९, आणि त्याला मराठीत ‘तोतयेगिरी’ हा पानिपतानंतरच्या सदाशिवरावभाऊंच्या तोतयापासून गाजलेला शब्द आहेच.

आता तुमचे ३२ कट्टे. इथे पट्टी (मालाच्या विक्रीची पावती) काढून बघा, खरेदीदार म्हणून नाव कुणाचं आहे? आडत्याने तुमच्या वतीने माल तिसऱ्याला विकला, त्याचे पैसे घेतले आणि तुम्हाला दिले नाहीत, तर ती रक्कम तुमची, त्याच्याकडे सोपवलेली. हा न्यासभंग, अभिकर्ता (एजंट) म्हणून केला असेल तर ३१६(५), शिक्षा जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत. पण माल त्याने स्वतःच विकत घेतला असेल, तर माल त्याचा झाला, तुमचं राहिलं ते येणं. मग ठकवणूक ठरायला, घेतानाच त्याचा पैसे न देण्याचा बेत होता हे दाखवावं लागतं. आधी बेत नव्हता, नंतर धंदा बसला, तर त्याला मराठीत ‘बुडवणं’ म्हणतात आणि त्यासाठी दिवाणी दावा. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात हेच सांगितलं. तिथेही वाद दाण्याचाच होता, घोड्यांच्या. विक्री म्हणजे सोपवणूक नव्हे, आणि त्याच घटनेत ठकवणूक व न्यासभंग दोन्ही एकत्र बसत नाहीत.

म्हणून फिर्यादीत ‘मी विश्वासाने माल दिला’ हे वाक्य सहज लिहू नका. बोलण्यातला विश्वास वेगळा, कायद्यातला न्यास वेगळा. विकला असेल तर ‘विकला’, ठेवायला किंवा विकून द्यायला दिला असेल तर तसंच लिहा. ‘गंडा घातला’, ‘चुना लावला’ हे शब्द बातमीत शोभतात. त्यातून काय घडलं ते कळत नाही. त्याजागी तारीख, काट्यावरचं वजन, ठरलेला भाव, माल देण्याआधी तो नेमकं काय म्हणाला, ते ऐकणारा हमाल किंवा मापाडी कोण, आणि ते खोटं असल्याचं कधी उघड झालं, हे क्रमाने लिहा. त्याच आठवड्यात त्याने आणखी दहाजणांचा माल तसाच उचलून दुकान बंद केलं असेल, तर ते आवर्जून घाला. सुरुवातीचा बेत अशाच गोष्टींतून दिसतो. चेक दिला असेल आणि तो परत आला असेल, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्या. ती मिळाल्यावर त्याला १५ दिवस, आणि तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. ही मुदत ठाण्याच्या फेऱ्यांत निघून जाते, तेव्हा ती आधी सांभाळा.