ग्रंथालय बंद होणार असेल, तर स्क्रुटिनी कमिटीकडे जाऊन उपयोग होतो का?

प्रश्न : आम्ही बारा वर्षांपासून इंग्लंडमध्ये राहतो. आमच्या भागातील ग्रंथालयाची शाखा आणि तिच्यातच चालणारे ज्येष्ठांचे दुपारचे केंद्र बंद करण्याचा निर्णय कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, कॅबिनेटने नुकताच घेतला. आमच्या कौन्सिलरबाई म्हणतात, की निर्णय ‘कॉल-इन’ करून स्क्रुटिनी कमिटीपुढे, म्हणजे कौन्सिलच्या छाननी समितीपुढे, नेता येईल. ही समिती निर्णय रद्द करू शकते का? करू शकत नसेल, तर तिच्याकडे जाण्यात अर्थ काय?

उत्तर : रद्द करू शकत नाही. हे आधीच स्पष्ट सांगितलेले बरे, कारण कॉल-इनच्या बैठकीला फलक घेऊन आलेली मंडळी बैठकीनंतर फसवणूक झाल्यासारख्या चेहऱ्याने बाहेर पडताना मी अनेकदा पाहिली आहेत. त्यांना समितीचे काम कोणी नीट सांगितलेलेच नसते.

२००० सालच्या स्थानिक शासन कायद्यापूर्वी इंग्लंडमधील कौन्सिलांचे निर्णय सर्वपक्षीय सदस्यांच्या विषयवार समित्या घेत असत. त्या कायद्याने बहुतेक ठिकाणी निर्णयाचा अधिकार लीडर किंवा थेट निवडून आलेला मेयर आणि त्यांचे छोटे कॅबिनेट, म्हणजे जास्तीत जास्त दहा जण, यांच्या हाती दिला आणि उरलेल्या कौन्सिलरांकडे छाननीचे काम सोपवले. कॅबिनेटमधील कोणालाही स्क्रुटिनी कमिटीवर बसता येत नाही. मात्र समितीवरील जागा पक्षांच्या संख्याबळानुसार वाटल्या जातात, त्यामुळे सत्ताधारी पक्षाला सभागृहात बहुमत असेल, तर समितीतही ते बहुधा असतेच. आपल्याच नेत्याला अडचणीत आणणारा प्रश्न विचारायला जे धैर्य लागते ते कायद्याला पुरवता येत नाही. पक्षादेश काढून समितीवरील सदस्यांचे तोंड बांधू नये, अशी अपेक्षा सगळेच व्यक्त करतात. ती किती पाळली जाते, हे प्रत्येक कौन्सिलच्या स्वभावावर अवलंबून असते.

समिती कॅबिनेट सदस्यांना आणि अधिकाऱ्यांना समोर बोलावून उत्तरे मागू शकते, आणि त्यांना यावेच लागते. ती शिफारशी करू शकते, आणि तिने रीतसर मागणी केल्यास कॅबिनेटला दोन महिन्यांच्या आत उत्तर द्यावे लागते. घेतलेला पण अद्याप अंमलात न आलेला निर्णय ती फेरविचारासाठी परत पाठवू शकते; यालाच कॉल-इन म्हणतात. त्याची मुदत आणि त्यासाठी किती सदस्यांच्या सह्या लागतात, हे प्रत्येक कौन्सिलची घटना, म्हणजे तिची लेखी नियमावली, ठरवते. ही मुदत बहुधा मोजक्या कामकाजाच्या दिवसांचीच असते, म्हणून आपल्या कौन्सिलरबाईंना आजच गाठा. फेरविचारानंतर कॅबिनेट तोच निर्णय कायम ठेवू शकते, आणि पुष्कळदा ठेवतेही.

असे असूनही मी ही समिती निरुपयोगी मानत नाही, याचे कारण कॉल-इनमध्ये नाही. धोरण खरे वळते ते निर्णयाच्या आधी, प्रस्ताव अजून कच्चा असतो तेव्हा.

मी स्वतः काही वर्षे एका कौन्सिलच्या शिक्षणविषयक स्क्रुटिनी कमिटीवर पालक-गव्हर्नरांचा, म्हणजे शाळांच्या व्यवस्थापन मंडळांवरील पालक सदस्यांचा, प्रतिनिधी होतो. (या प्रतिनिधींना आणि चर्चच्या प्रतिनिधींना शिक्षणाच्या विषयांवर मतदानाचा हक्क असतो, बाहेरून घेतलेल्या इतर (को-ऑप्टेड) सदस्यांना तो सहसा नसतो.) एका ग्रंथालयातील गृहपाठ वर्ग बंद करण्याचा प्रस्ताव आमच्यापुढे आला. शाळा सुटल्यानंतर तिथे फारसे कोणी येत नाही, असे अहवालात तक्त्यासह मांडले होते. समितीत पूर्वी बस चालवणारे एक वयस्कर कौन्सिलर होते. त्यांनी तक्त्यावर बोट ठेवून विचारले, “माणसे मोजणारे यंत्र कोणत्या दारावर आहे?” अधिकाऱ्यांनी कागद चाळले, शेजारी कुजबुज झाली, आणि मग उत्तर आले, की पुढच्या दारावर. मुले येत होती ती गाड्या लावायच्या जागेकडील मागच्या दाराने. त्या बैठकीत कोणताही ठराव झाला नाही, मतदानही झाले नाही. फक्त मोजणी पुन्हा करण्याचे ठरले. सुधारित प्रस्तावात संध्याकाळचा वर्ग राहिला आणि त्याऐवजी दोन सकाळी ग्रंथालय बंद ठेवण्याचे ठरले. पैसे वाचवायचे होतेच, ते वाचले. सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारे नाराज झाले, तेही खरे.

म्हणून आपल्या प्रकरणात कॉल-इन झालाच, तर “ग्रंथालय वाचवा” एवढेच म्हणून थांबू नका. ज्येष्ठांच्या केंद्रातील माणसे ग्रंथालयाच्या वापराच्या आकड्यांत धरली होती का, दुसरी शाखा किती अंतरावर आहे आणि तिथे दुपारी बस जाते का, समानतेवरील परिणामांचा आढावा कोणत्या तारखेचा आहे, असे प्रश्न लिहून समितीच्या सदस्यांना द्या. १९६४ च्या ग्रंथालय कायद्याने सर्वंकष आणि कार्यक्षम सेवा देण्याचे बंधन घातलेले आहे. ते बंधन निर्णय घेताना कसे विचारात घेतले, हेही विचारायला लावा. नॉर्थॅम्प्टनशायर काउंटी कौन्सिलने २०१८ मध्ये आर्थिक संकटात सापडल्यावर २१ ग्रंथालये बंद करण्याचे ठरवले होते, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय बेकायदा ठरवला. जे प्रश्न शेवटी न्यायालयात जातात, ते समितीच्या टेबलावर विचारायला फार कमी खर्च येतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. २०११ च्या कायद्याने कौन्सिलांना जुन्या समिती पद्धतीकडे परतण्याची मुभा दिली आणि काही परतल्याही. तिथे कॅबिनेट नसते. आपल्याकडे ते आहे, म्हणून हा मार्ग आपल्याला खुला आहे.

प्रश्न : स्क्रुटिनी कमिटीच्या बैठकीत सामान्य रहिवाशाला बोलता येते का? आम्हाला बैठकीची तारीखही उशिरा कळते.

उत्तर : बैठक सामान्यतः सर्वांसाठी खुली असते, आणि २०१४ पासून तिचे चित्रीकरण करण्याची मुभाही नागरिकांना आहे. बोलण्याचा हक्क मात्र कौन्सिलच्या घटनेवर अवलंबून असतो. कुठे तीन मिनिटे देतात, कुठे आधी लेखी प्रश्न मागतात. विषयपत्रिका आणि अहवाल बैठकीच्या पाच पूर्ण दिवस आधी प्रसिद्ध करावे लागतात. त्याहून उपयोगी कागद म्हणजे ‘फॉरवर्ड प्लॅन’, कारण महत्त्वाच्या निर्णयाची सूचना किमान २८ दिवस आधी द्यावी लागते आणि ती बहुधा त्यात मिळते. त्यावर महिन्यातून एकदा नजर टाकलीत, तर तारीख उशिरा कळल्याची तक्रार उरणार नाही.

प्रश्न : आमच्याकडील एनएचएसचे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचे, क्लिनिक दुसऱ्या गावी हलवणार आहेत. हा विषय कौन्सिलचा नसल्याने स्क्रुटिनी कमिटी हात झटकेल ना?

उत्तर : तिला हात झटकता येऊ नये. सामाजिक सेवा सांभाळणाऱ्या कौन्सिलांना, म्हणजे काउंटी, युनिटरी, लंडन बरो वगैरेंना, स्थानिक आरोग्यसेवेच्या छाननीचा अधिकार आहे, आणि सेवेत मोठा बदल करण्यापूर्वी एनएचएसच्या संस्थांनी त्यांच्याशी सल्लामसलत करायची असते. हा अधिकार कागदावर ठेवण्यासाठी नाही. स्टॅफर्ड रुग्णालयातील हेळसांडीच्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला, तेव्हा स्थानिक स्क्रुटिनी समित्यांनी पुरेसे खोलात जाऊन प्रश्न विचारले नाहीत, हा ठपका त्यात होता.

एक बदल ध्यानात घ्या. पूर्वी समितीला असा वाद थेट आरोग्यमंत्र्यांकडे पाठवता येत असे. ३१ जानेवारी २०२४ पासून तो अधिकार गेला. आता मंत्री स्वतः हस्तक्षेप करू शकतात, आणि तशी विनंती कोणीही करू शकतो, आपणही. परंतु आधी स्थानिक पातळीवर तोडगा काढण्याचा प्रयत्न झाला का, हे तिथे पाहिले जाते. तेव्हा विषय समितीपुढे आणवा, एनएचएसच्या अधिकाऱ्यांनी काय उत्तर दिले ते इतिवृत्तात नेमके नोंदले गेले आहे याची खात्री करा आणि त्या इतिवृत्ताची प्रत विनंतीसोबत जोडा.