रस्त्यात अंग उघडं करून दाखवणाऱ्या माणसाला काय शिक्षा होते? हात लावला नसेल तर तक्रार करून उपयोग होतो का?

उपयोग होतो. पण पोलीस ठाण्यातून तुम्ही कुठला कागद घेऊन बाहेर पडता त्यावर सगळं अवलंबून आहे.

तुम्ही लिहिलंय की तो एक शब्द बोलला नाही, जवळही आला नाही, म्हणून घरचे म्हणतात सोडून दे. हे "हात तर लावला नाही ना" मी आमच्या भाऊजींकडून, म्हणजे ताईच्या यजमानांकडून, गेली कित्येक वर्षं ऐकतेय. म्हणून सविस्तर लिहिते.

२०१८ चा जून. भाचीला क्लासवरून घेऊन येत होते, ती तेव्हा १३ वर्षांची. कोपऱ्यावर एक पांढरी गाडी उभी होती, काच खाली. "ताई, पोस्ट ऑफिस कुठे आलं?" मांडीवर पेपर पसरलेला. मी हात करून रस्ता सांगत होते तेवढ्यात त्याने पेपर बाजूला केला. माझी नाही, तिची नजर आधी गेली. तो हसत होता. आम्ही ओरडायच्या आत गाडी निघाली. भाचीने माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं ते घर येईपर्यंत सोडलं नाही. मी गाडीचा नंबर पुटपुटत चालत होते. घरात शिरल्याशिरल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून टाकला. पुढे ते पान पोलिसांनी जमा करून घेतलं.

त्याच रात्री ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न, "हात लावला का?" नाही म्हटल्यावर ठाणे अंमलदारांनी एनसी लिहिली आणि पावती हातात दिली. मला वाटलं, झाली तक्रार. तुम्हीही हीच चूक कराल, म्हणून सांगते. एनसी म्हणजे अदखलपात्र. मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलीस त्यात तपासच करू शकत नाहीत. तो कागद घरी ठेवून काहीही होत नाही.

रात्री एका वकील मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, उद्या परत जा आणि हलू नकोस. बाईचा विनयभंग करण्याच्या हेतूने केलेला हावभाव, दाखवलेली वस्तू हे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ५०९, दखलपात्र, म्हणजे पोलीस परवानगीशिवाय तपास करू शकतात. आणि मुलगी १८ च्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा. त्याच्या कलम ११ मध्ये शरीराचा भाग मुलाला दिसावा म्हणून दाखवणं असं स्पष्ट लिहिलंय आणि कलम १२ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हात लावण्याचा त्यात संबंधच नाही. दुसऱ्या दिवशी चार तास बाकावर बसून राहिले. मग पीएसआय मॅडम आल्या, त्यांनी ऐकलं आणि गुन्हा दाखल झाला. भाचीचा जबाब घ्यायला त्या घरी आल्या, साध्या ड्रेसमध्ये. कायद्यातच तसं आहे, मुलासमोर गणवेशात जायचं नाही.

भाऊजींचं म्हणणं, पोरीचं नाव कोर्टात जाईल, उद्या स्थळं येताना अडचण. त्यांना मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगते. पॉक्सोमध्ये मुलाची ओळख पेपरात छापणं हाच गुन्हा आहे. सुनावणी बंद दाराआड होते. साक्षीच्या वेळी आरोपी तिच्या डोळ्यांसमोर येणार नाही याची काळजी कोर्टाने घ्यायची असते. आमच्याकडे मध्ये पडदा होता. आणि कळवायचं की नाही हे घरातल्या मोठ्यांनी ठरवायचं नसतंच मुळी. माहीत असून कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. मी गप्प बसले असते तर गुन्हेगार मी ठरले असते.

नंबरावरून माणूस सापडला. चांगला नोकरीतला, बायकामुलं असलेला. तीन वर्षांनी एक वर्षाची शिक्षा झाली. भाऊजी म्हणतात, एवढ्याशा गोष्टीसाठी तीन वर्षं हेलपाटे. पण साक्ष देऊन बाहेर आल्यावर भाचीने पहिल्यांदा मला त्या संध्याकाळबद्दल स्वतःहून सांगितलं, की तिला वाटत होतं आपणच नीट बघत चाललो नाही म्हणून झालं. तीन वर्षं ते ओझं त्या पोरीने एकटीने वाहिलं होतं. एवढीशी गोष्ट म्हणे.

आता तुमचं. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आहे. जुनं ५०९ आता ७९ झालं, साधी कैद तीन वर्षांपर्यंत आणि दंड. जुनं २९४, म्हणजे सार्वजनिक जागी अश्लील कृत्य, आता २९६, त्यात फक्त तीन महिने किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ठाण्यात २९६ वर भागवायला बघतात, तुम्ही ७९ चा आग्रह धरा. रेल्वेच्या डब्यात झालं असेल तर रेल्वे कायद्याचं १४५ पण आहे, सहा महिन्यांपर्यंत. कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर होतो, हद्दीचं कारण ऐकू नका. ७९ ची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

७९ आणि २९६ ही दोन्ही कलमं जामीनपात्र आहेत, त्यामुळे तो लगेच सुटला तर तक्रार वाया गेली असं समजू नका.

हे सांगायचं राहिलं: मी वकील नाही. ७९ बाईसाठी आहे, मोठ्या पुरुषासमोर कुणी असं केलं तर २९६ वरच यावं लागतं. पॉक्सो मुलगा-मुलगी दोघांनाही लागू. आणि आडोशाला लघवीला उभा राहिलेला माणूस यात येत नाही, हेतू दिसावा लागतो. नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, असंही तुम्ही लिहिलंय, ते बरोबर आहे. मॉडेल मिलिंद सोमण आणि मधू सप्रे यांच्या १९९५ च्या बुटांच्या नग्न जाहिरातीचा खटला २००९ पर्यंत चालला आणि ते निर्दोष सुटले. पण तो फोटो होता. तुमच्यासमोर उभा राहिलेल्या माणसाला तुमची भीती बघायची होती. त्याची तुलना कुणी घरात करत असेल तर तिथेच थांबवा.

गाडीचा नंबर, वेळ, कपड्यांचा रंग आजच लिहून ठेवा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती हातात पडेपर्यंत बाकावरून उठू नका.