चार दिवसांचा आठवडा : भाच्याने संघटना बदलावी का?

प्रश्न : माझा भाचा लंडनमध्ये भुयारी रेल्वे चालवतो. तिथे चालकांना चार दिवसांचा आठवडा द्यायचं ठरतंय, आणि त्यावरून दोन कामगार संघटनांची जुंपली आहे. ‘ॲस्लेफ’ म्हणते घ्या, ‘आरएमटी’ म्हणते नको. पगार कापणार नाहीत म्हणे. मग जास्तीची सुट्टी नाकारणारी ही कसली संघटना? भाचा आरएमटीचा सभासद आहे. त्याची बायको म्हणते, सोड ती आणि दुसरीत जा. तुम्ही मोटरमन होतात, म्हणून विचारते.

उत्तर : ताई, भाच्याला एवढ्यात संघटना बदलू देऊ नका. त्याच्या बायकोची तळमळ मला कळते. पहाटे तीनला घड्याळाचा गजर वाजतो, तेव्हा सगळं घरच उठतं. आठवड्यातून एकदा जरी तो गजर कमी झाला तरी संसाराला मोठा दिलासा. ॲस्लेफचा मुद्दा हाच आहे आणि तो खरा आहे. ब्रिटनच्या मुख्य रेल्वेमार्गांवर अनेक कंपन्यांचे चालक आधीपासूनच 35 तासांच्या चार दिवसांवर काम करतात. भुयारी रेल्वेच्या चालकांनाही तेच मिळावं आणि जेवणाची सुट्टी पगारी तासांत धरावी, हे ॲस्लेफचं म्हणणं. 2025 साली त्यांच्या सभासदांनी मतदान करून होकारही दिला.

आता तासांचा हिशोब बघा. 35 तास पाच दिवसांत वाटले तर रोजचे सात होतात. तेच चार दिवसांत बसवले तर पावणेनऊ. तीही सरासरीच. रोस्टरला, म्हणजे कोणाची ड्यूटी कधी याच्या तक्त्याला, आम्ही ‘लिंक’ म्हणायचो. कुठलीही लिंक काढून बघा, एक ड्यूटी सरासरीच्या बरीच आत संपते आणि दुसरी तेवढीच लांबते. सरासरी कार्यालयातल्या कागदावर असते, चालकाच्या वाट्याला ती लांब ड्यूटी येते. आरएमटीचा आक्षेप इथे आहे. लांबलेल्या पाळ्यांनी थकवा वाढेल आणि थकलेला चालक म्हणजे प्रवाशांना धोका, असं ती म्हणते. तिला आठवड्याचे तासच कमी करून हवे आहेत. सप्टेंबर 2025 मध्ये तिने लंडनची भुयारी रेल्वे जवळजवळ आठवडाभर बंद पाडली, तेव्हा 32 तासांचा आठवडा ही मागणी त्यात होती. प्रशासनाने ती परवडणार नाही म्हणून फेटाळली.

थकवा म्हणजे नेमकं काय, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. ड्यूटीच्या शेवटच्या तासात डोळे उघडे असतात. सिग्नल दिसतो, पण तो मागे गेला की पिवळा होता की हिरवा, हे आठवेनासं होतं. हात ‘डेडमॅन’वर, म्हणजे सतत दाबून धरायच्या सुरक्षा-दांड्यावर, दाबलेला असतो, कारण सोडला तर गाडी थांबेल. पण हात दाबलेला आहे म्हणून माणूस जागा आहे असं धरून चालू नका. लंडनमध्ये तर हे आणखी अवघड. तिथली व्हिक्टोरिया लाइन 1968 साली सुरू झाली तेव्हापासूनच स्वयंचलित आहे, पुढे आणखी काही मार्ग तसे झाले. वेग आणि ब्रेक यंत्र सांभाळतं; चालक दारं उघडतो, मिटतो, फलाट पाहतो, सुटायची बटणं दाबतो, आणि पुन्हा काळोख्या बोगद्यात शिरतो. लोकांना वाटतं, काम हलकं झालं. हातांना हलकं झालं असेल; पण करण्यासारखं काही नसताना आठ-नऊ तास सावध राहणं फार जड जातं.

लंडनने याची किंमत मोजलेली आहे. 12 डिसेंबर 1988 ला क्लॅपम जंक्शनजवळ गाड्या धडकून 35 माणसं गेली. कारण निघालं सिग्नलच्या चुकीच्या वायरिंगचं, आणि ते करणाऱ्या तंत्रज्ञाला आधीच्या तेरा आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती. तिथल्या रेल्वेत सुरक्षेच्या कामाची पाळी 12 तासांच्या वर जाऊ नये, दोन पाळ्यांत 12 तासांची विश्रांती हवी, या मर्यादा त्या चौकशीतून आल्या. नोव्हेंबर 2016 मध्ये क्रॉयडनला पहाटे सहाच्या सुमारास ट्राम वळणावर उलटून सात जण दगावले. चालकाला क्षणभर डुलकी लागली असण्याची शक्यता चौकशी अहवालाने नोंदवली आहे.

एक जुनी गोष्टही भाच्याला सांगा. 1982 मध्ये ब्रिटिश रेलने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सरकारी रेल्वेने, ठरावीक आठ तासांऐवजी सात ते नऊ तासांच्या बदलत्या पाळ्या आणल्या. आठ तासांचा दिवस 1919 पासून मिळालेला होता. तो जाऊ नये म्हणून संपावर गेली ती ॲस्लेफ! आणि बदल मान्य केला होता रेल्वे कामगारांच्या एनयूआर या संघटनेने, जी 1990 मध्ये खलाशांच्या संघटनेत मिसळून आरएमटी झाली. म्हणजे तेव्हा बाजू अगदी उलट होत्या. संप शेवटी मोडला, कारण कामगार संघटनांचा महासंघच पाठीशी उभा राहिला नाही. म्हणून एक संघटना कामगारांची आणि दुसरी विकली गेलेली, असं कोणी सांगायला आलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. ॲस्लेफ फक्त चालकांची आहे आणि भुयारी रेल्वेचे बहुसंख्य चालक तिच्यात आहेत. आरएमटीत चालकांबरोबर स्थानकावरचे, सिग्नलचे, रुळांवरचे लोकही आहेत. चालकांच्या वेळा हलल्या की या बाकीच्यांच्या वेळा कोण बघणार, ही चिंता तिला असणारच.

माझं मत विचाराल तर चार दिवस घ्यावेत, पण सर्वांत लांब ड्यूटी किती तासांची, हे करारात आकड्याने लिहून घेतल्याशिवाय नाही. भाच्याने नव्या रोस्टरचा कागद मागून घ्यावा. सर्वांत लांब पाळी कोणती, ती पहाटेची आहे की रात्रीची, आणि लागोपाठ किती पहाटे येतात, एवढं त्यात आधी बघावं. पाच दिवसांवरच राहायचं असेल तर तशी सोय आहे का, आणि असली तर ती कायमची आहे की पुढच्या रोस्टरपर्यंतच, हेही लेखी हवं. नवे चालक भरणार की आहेत त्यांच्याकडूनच फेऱ्या काढून घेणार, हा प्रश्न मी प्रशासनाला सगळ्यात आधी विचारला असता.

हे प्रश्न आरएमटीच्या सभेत उभं राहून विचारता येतात, आणि तिथे ते ठासून विचारणारे चालक हवेच आहेत. सुट्टी नको म्हणू नका, लांब पाळीवर मर्यादा मागा, असं त्याने आपल्याच नेत्यांना सांगावं. कागद हाती आला की मला पाठवा. मी लिंक वाचून देईन.