ध्यानाने बीपीची गोळी सुटते, हे विज्ञानाने सिद्ध झालंय का?

आधी एवढंच: तुमच्या आईंना गोळी बंद करू देऊ नका.

शिबिरात 'ध्यानाने बीपी जातो, संशोधनात सिद्ध झालंय' असं ऐकून त्यांनी गोळी सोडायचं ठरवलंय, असं तुम्ही लिहिलंय. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं मेडिकल आहे. हे वाक्य काउंटरवर वरचेवर कानावर येतं. माझ्या वडिलांनीही हेच केलं होतं. दीड महिना त्यांना इतकं छान वाटत होतं, की बीपी कुणी मोजलाच नाही. मोजला तेव्हा वरचा आकडा 190 होता. वाढलेला बीपी बहुतेकांना जाणवतच नाही, घात होतो तो इथेच.

'सिद्ध झालंय' म्हणणाऱ्याला विचारा, कशाच्या तुलनेत? काहीच न करणाऱ्यांशी तुलना केली तर ध्यान उजवं ठरणारच. ध्यानवर्गात आठ आठवडे कुणी आपुलकीने विचारपूस करतं, चार माणसं भेटतात, त्यानेही बरं वाटतं. म्हणून चाचणीत ध्यान न करणाऱ्या गटालाही तितकाच वेळ द्यावा लागतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये अशा काटेकोर 47 चाचण्या, एकूण 3,515 माणसांच्या, एकत्र तपासल्या. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत थोडा पण खरा फरक दिसला. औषधापेक्षा किंवा व्यायामापेक्षा ध्यान सरस आहे, असा पुरावा मिळाला नाही.

2022 मध्ये चिंतेच्या विकाराच्या 276 रुग्णांवर चाचणी झाली. काहींना आठ आठवड्यांचा ध्यानवर्ग, काहींना एस्सिटालोप्रॅम ही चिंतेवरची गोळी. दोन्हींकडे जवळपास सारखाच उतार पडला. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. पण ती चिंतेची आहे, बीपीची नव्हे, आणि त्यासाठी रोज घरी पाऊण तास बसायचं होतं.

हृदयविकाराच्या धोक्याबद्दल अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2017 मध्ये म्हटलं, की ध्यानाचा फायदा होऊ शकतो, पण पुरावा अजून तोकडा आहे. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला करा.

म्हणून आईंना ध्यान जरूर करू द्या. माझे वडील आजही अजिंक्यताऱ्यावरून फिरून आले की वीस मिनिटं बसतात, आणि नाश्ता झाला की गोळी घेतात. महिनाभर सकाळ-संध्याकाळ बीपी वहीत लिहा. आकडे खरंच उतरले तर वही डॉक्टरांना दाखवा, डोस कमी करायचा का ते तेच ठरवतील.

आणि आज घरी गेल्यावर आईंच्या गोळ्यांची पट्टी पाहा. मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल असं लिहिलं असेल, तर ती गोळी एकदम थांबवणं जास्तच धोक्याचं आहे. थांबवली असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा.