डाव नेमका कुठे गेला?

प्रश्न : वय ५२. दोन वर्षं बुद्धिबळाच्या रेटिंग स्पर्धा खेळतोय, रेटिंग (खेळाची ताकद दाखवणारे गुण) १४७०. काळ्या मोहऱ्यांनी हरलेल्या एका डावाची स्कोअरशीट (चालींची नोंद) सोबत पाठवतो. नवव्या चालीला मी घोड्याने सी २ या घरातलं प्यादं मारलं, तिथे डाव गेला असं इंजिन (डाव तपासणारा संगणक प्रोग्राम) दाखवतं. ते पटलं. पण आमच्यासारख्यांच्या डावात याहून जास्त अभ्यासण्यासारखं काय असणार? त्यापेक्षा ग्रँडमास्टरांचेच डाव बघू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : डाव पटावर मांडून दोनदा खेळून पाहिला. प्रत्येक चालीपुढे तुम्ही उरलेला वेळ लिहिलाय, त्याने फार मदत झाली. बहुतेक जण लिहीत नाहीत.

नवव्या चालीची चूक अशी. तुमचा राजा ई ६ वर, आणि डी ५वरचा घोडा त्याच्यापुढे अडकलेला. त्या घोड्यावर पांढऱ्याचे वजीर, उंट आणि घोडा असे तिघं रोखलेले. राखणीला तुमचे राजा, वजीर आणि बी ४चा घोडा, तेही तिघंच. ए १च्या हत्तीच्या मोहात बी ४चा राखणदार उठून सी २वर गेला आणि हिशेब तीनास दोन झाला. इथे तुम्ही १४ मिनिटं विचार केलात.

आता पाचवी चाल बघा. टू नाइट्स डिफेन्स या सुरुवातीत पांढऱ्याने जी ५वर घोडा आणला, पुढे डी ५ला प्यादं मारलं, आणि तुम्ही घोड्याने लगेच परत मारलंत. वेळ लागला २० सेकंद. एफ ७वर घोडा देऊन राजाला उघड्यावर ओढायची संधी त्याला तिथेच मिळाली. याला फ्राइड लिव्हर अटॅक म्हणतात. त्याऐवजी सी ६चा घोडा ए ५वर नेऊन पांढऱ्याच्या उंटावर रोखला असता, तर एका प्याद्याच्या बदल्यात मोहरी भराभर बाहेर आली असती. मारलेलं प्यादं परत मारायचंच, या हाताच्या सवयीने डाव नेला, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही सवय ग्रँडमास्टरांच्या डावात तुम्हाला दिसणार नाही, कारण ते तिथे अडखळतच नाहीत. त्यांचे डाव जरूर बघा, पण आधी हा संपवा. इंजिन बंद ठेवा, पाचव्या चालीला डोक्यात काय होतं ते दोन ओळींत लिहा. समोरचा खेळाडू पुन्हा भेटला तर विचारा, एफ ७चा बळी त्याने मोजून दिला की पाठ होता म्हणून? मग ए ५वर घोडा ठेवा, पट फिरवा आणि पांढऱ्याकडून खेळा. तुमचं टिपण मला पाठवा, मी वाट बघतोय.